फार्मासिस्ट संघटनेने व्याख्यानांपलीकडे नेमकं काय करावं?

खलबत्ता

नमस्कार मंडळी,

आमच्या फार्मासिस्ट संघटनेत रुग्णसुरक्षा समिती नव्याने नेमली आहे. सभासद साधारण दोनशे. निम्म्याहून जास्त जण काउंटरवर एकटेच असतात, काही लहान रुग्णालयांत आहेत. आतापर्यंत संघटनेचं काम म्हणजे परवान्यांची कागदपत्रं, वार्षिक सभा, २५ सप्टेंबरचा जागतिक फार्मासिस्ट दिन आणि वर्षातून दोन-तीन व्याख्यानं. व्याख्यानांना गर्दी होते, प्रमाणपत्रंही वाटली जातात, पण दुसऱ्या दिवशी काउंटरवर काम होतं ते पूर्वीसारखंच.

आंतरराष्ट्रीय फार्मास्युटिकल फेडरेशन आणि जागतिक आरोग्य संघटना यांची २०११ची 'गुड फार्मसी प्रॅक्टिस' मार्गदर्शक तत्त्वं समितीने वाचली. औषध मिळवणं, साठवणं आणि देणं, उपचारांचं व्यवस्थापन, स्वतःचं व्यावसायिक कौशल्य टिकवणं, आरोग्यव्यवस्थेला हातभार लावणं, अशा चार भूमिका त्यात मांडल्या आहेत. पटतं सगळंच. सुरुवात मात्र कुठून करायची ते त्यावरून कळत नाही.

अडचणी अशा: चुकांची नोंद मागितली की सभासद गप्प होतात. डॉक्टरांना फोन केला तर पुष्कळदा 'लिहिलंय ते द्या' एवढंच उत्तर येतं. पगारी कर्मचारी नाही, निधी बेताचा. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष उभं केलं आहे त्यांनी तपशिलात सांगावं.

---

मात्रागुण

नीट समुपदेशन करणं, चिठ्ठी तपासणं, हे एकटा फार्मासिस्टही करू शकतो. संघटनेने एकट्याला जमत नाही ते हाती घ्यावं. एखादी चूक दोनशे काउंटरांपैकी प्रत्येकावर वर्षातून एकदाच होत असेल, तर ज्याच्या हातून होते त्याला ती स्वतःचा वेंधळेपणा वाटते. तशा चाळीस नोंदी एका टेबलावर आल्या की कळतं, दोन खोकी सारखी दिसतात आणि शेजारी-शेजारी ठेवली जातात. म्हणून माझं मत, थोडक्यात टळलेल्या चुकांच्या निनावी नोंदींपासून सुरुवात करा.

फॉर्म एका पानाचा आणि तीन मिनिटांत भरून होईल असा हवा. काय लिहिलं होतं, काय दिलं गेलं किंवा दिलं जाणार होतं, चूक कोणत्या टप्प्यावर झाली (चिठ्ठी वाचताना, फळीवरून काढताना, डोस मोजताना, लेबल लिहिताना की हातात देताना), ती कशामुळे लक्षात आली आणि त्या वेळी आजूबाजूला काय चाललं होतं, एवढंच विचारा. शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. 'फोनवर बोलत होतो', 'कंपनीने खोक्याचा रंग बदलला', 'मदतनीस नवीन होता' ही उत्तरं तिथेच मिळतात. दोन्ही खोक्यांचा फोटो मिळाला तर उत्तम.

काय विचारायचं नाही, हेही तितकंच ठरवून ठेवा. फार्मासिस्टचं, दुकानाचं, रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव नको. तारीखसुद्धा नको, फक्त महिना. लहान भागात तारीख आणि औषध एवढ्यावरून माणूस ओळखता येतो, आणि असं एकदा झालं की पुढे नोंदी येत नाहीत. व्हॉट्सॲप गट यासाठी अजिबात वापरू नका. तिथे पाठवणाऱ्याचा नंबर दिसतो, आणि रुग्णाचं नाव असलेल्या चिठ्ठीचा फोटो क्षणात पुढे जातो. लॉगिन न लागणारा ऑनलाइन फॉर्म, आणि सभेच्या दाराशी कागदी फॉर्मसाठी कुलूपबंद पेटी, दोन्ही ठेवा.

नोंदी वाचायला दोघंच हवेत, आणि ते शिस्तपालन समितीत नसावेत. आलेल्या नोंदी तीन ढिगांत लावा: रुग्णापर्यंत पोचलीच नाही, पोचली पण इजा झाली नाही, इजा झाली. औषधांच्या चुका इजेच्या तीव्रतेनुसार ए ते आय अशा नऊ पायऱ्यांत लावणारं एनसीसी-मर्प वर्गीकरण रूढ आहे, पण पहिल्या वर्षी एवढे ढीग पुरतात. तिसऱ्या ढिगातल्या घटनेला निनावी नोंद पुरत नाही, हे फॉर्मवरच ठळक छापा. तिथे रुग्णाला तातडीने उपचार मिळणं पहिलं, मग डॉक्टरांना आणि रुग्णाला खरं सांगणं, आणि कायद्याने लागणारी कळवणी. निनावीपणाच्या आड इजा लपवली गेली तर संघटनेची विश्वासार्हता संपते.

औषधाचा दुष्परिणाम हा वेगळा विषय आहे, तो या फॉर्ममध्ये मिसळू नका. तो देशाच्या औषधदक्षता केंद्राकडे जातो. ती नोंद वैध ठरायला चार गोष्टी लागतात: ओळखता येणारा रुग्ण, ओळखता येणारा नोंद करणारा, संशयित औषध आणि घडलेला परिणाम. औषधामुळेच झालं हे सिद्ध करण्याची जबाबदारी फार्मासिस्टवर नसते, शंका पुरेशी असते. 'पुरावा नाही' म्हणून कित्येक नोंदी मनातच राहतात, तेव्हा हे सभासदांना पुन्हा पुन्हा सांगा.

ही व्यवस्था बंद पडते ती मुख्यतः उत्तर न मिळाल्यामुळे. माणूस दोनदा नोंद पाठवतो, काहीच घडलेलं दिसत नाही, तिसऱ्यांदा पाठवत नाही. दर महिन्याला एक पान काढा: काय आलं, त्यातून काय ठरलं. आणि ठरलेली गोष्ट 'सर्वांनी काळजी घ्यावी' अशी नसावी. सूचना हा सगळ्यात कमकुवत उपाय आहे. एकाच औषधाच्या दोन ताकदी (एका गोळीतलं औषधाचं प्रमाण) वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवणं त्याहून बरं, खोक्याचा बारकोड चिठ्ठीशी जुळल्याशिवाय लेबल छापलंच जाणार नाही अशी सोय त्याहून भक्कम, आणि गरज नसलेली ताकद मागवायचीच नाही हे सगळ्यात खात्रीचं.

आणखी एक. पहिल्या वर्षी नोंदींची संख्या वाढली तर कार्यकारिणीत कुणीतरी घाबरेल. वाढलेल्या नोंदी म्हणजे वाढलेल्या चुका नव्हेत, हे आधीच लिहून ठेवा.

---

पाचमिली

मात्रागुण यांचं सगळं मान्य, पण नोंदी जमायला सहा महिने तरी जातील. तोपर्यंत सभासदांच्या हाती काहीतरी ठोस द्यायला हवं. एकच औषध निवडा आणि सगळ्या काउंटरांवर ते एकाच पद्धतीने द्यायला लागा. मी मेथोट्रेक्सेट सुचवेन. रुग्ण मोजके, त्यामुळे कामाचा बोजा नाही. पण चूक झाली तर जिवावर बेतते.

संधिवात आणि सोरायसिससाठी ही गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ती रोज घेतली गेली की काही दिवसांतच अस्थिमज्जा दबते, तोंड सोलवटतं, रक्तपेशी घटतात, जंतुसंसर्ग होतो. जगभर हीच चूक पुन्हा पुन्हा होत आली आहे, कारण बाकी बहुतेक गोळ्या रोजच्या असतात. लिहिणाऱ्याचा, देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा, तिघांचाही हात सवयीने 'रोज'कडे वळतो.

काउंटरवरची पद्धत अशी ठेवता येईल. चिठ्ठीवर 'रोज' असेल किंवा किती वेळा ते लिहिलंच नसेल, तर विचारल्याशिवाय गोळी द्यायची नाही. आजार कोणता ते विचारा, कारण कर्करोगात वेळापत्रक वेगळं असू शकतं. डोस मिलिग्रॅम आणि गोळ्यांची संख्या असा दोन्ही तऱ्हेने लिहा: १५ मिग्रॅ म्हणजे २.५ मिग्रॅच्या ६ गोळ्या. शक्यतो २.५ची ताकदच ठेवा. त्याच सहा गोळ्या चुकून १० मिग्रॅच्या गेल्या तर आठवड्याचा डोस ६० मिग्रॅ होतो. एका वेळी चार आठवड्यांपुरत्याच द्या, या उदाहरणात २४ गोळ्या.

लेबलवर 'आठवड्यातून एकदाच, फक्त बुधवारी' असं वाराचं पूर्ण नाव. अद्याक्षर नको, घाईत लिहिलेला 'सो.' हा 'स.' म्हणजे 'सकाळी' असा वाचला जाऊ शकतो. सोबत फॉलिक ॲसिड दिलेलं असेल तर त्याचा वार वेगळा लिहा आणि दोन्ही गोळ्या शेजारी ठेवून दाखवा. पुष्कळदा दोन्ही लहान आणि पिवळ्याच असतात.

मग 'समजलं ना?' असं विचारू नका. त्याला सगळे 'हो'च म्हणतात. विचारा, "घरी गेल्यावर ही गोळी कोणत्या वारी घ्याल, किती घ्याल, आणि बाकीच्या दिवशी काय कराल?" तिसऱ्या प्रश्नाला माणूस अडखळला तर पुन्हा सांगायचं.

तोंडात फोड, ताप, घसादुखी, विनाकारण काळेनिळे डाग, कोरडा खोकला किंवा धाप, यांपैकी काहीही झालं तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं तरी विचारल्याशिवाय डोस नको. मूत्रपिंड मंदावलं की औषध शरीरात साठतं. ट्रायमेथोप्रिम किंवा को-ट्रायमोक्साझोल ही प्रतिजैविकं लिहून आली तर देण्याआधी फोन, कारण अस्थिमज्जेवरचा घाव आणखी गंभीर होतो. रोज घेतलं गेल्याचं कळलं तर लक्षणांची वाट न पाहता लगेच रुग्णालय. फॉलिनिक ॲसिड (फॉलिक ॲसिडहून वेगळं) हा उतारा आहे, पण उशीर होईल तसा त्याचा उपयोग कमी होतो.

काउंटरवर हमखास निसटणारी खूण सांगतो. चार आठवड्यांच्या गोळ्या नेलेला माणूस आठवडाभरात पुन्हा मागायला आला, तर 'हरवल्या असतील' असं समजू नका. तो त्या रोज घेत असण्याची शक्यता आहे.

यात संघटना का हवी? कारण रुग्ण एकाच काउंटरवर येत नाही. एकाने 'बुधवारी' सांगायचं आणि दुसऱ्याने नुसती पट्टी हातात द्यायची, असं झालं तर पहिल्याची मेहनत वाया. एकच स्टिकर, प्रश्नांचं एकच कार्ड, सगळीकडे. खर्च छपाईपुरता.

---

खलबत्ता

दोघांचे आभार, हे थेट वापरण्यासारखं आहे. पण 'देण्याआधी फोन' म्हटलं की आमचं घोडं तिथेच अडतं. शिवाय नोकरीवर असलेल्या फार्मासिस्टने औषध थांबवलं तर मालकच रागावतो. त्याचं काय करायचं?

---

चिठ्ठीवाचक

फोन एकट्याने करायचा असला तरी त्याची वाट संघटनेने आधी मोकळी करून ठेवायची असते. डॉक्टरांच्या संघटनेशी एक बैठक घ्या, तक्रारींची यादी न नेता. तीन गोष्टी लेखी ठरवून या: कोणत्या बाबतीत फोन तातडीने येईल (मेथोट्रेक्सेट, इन्सुलिन, रक्त पातळ करणारी औषधं, लहान मुलांचे डोस, ॲलर्जी), कोणत्या शंका दिवसाअखेर एकत्र पाठवल्या तरी चालतील, आणि दवाखाना चालू असताना फोन कोण उचलेल. शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण बरीचशी चिडचिड रुग्ण तपासत असताना मध्येच वाजलेल्या फोनची असते.

फोनवर अर्ध्या मिनिटात चार वाक्यं: मी कोण आणि रुग्ण कोणता, चिठ्ठीत काय दिसतं, काळजी कशाची, आणि काय सुचवतो. "बाळाचं वजन ८ किलो, पॅरासिटामॉल ड्रॉप्स ५ मिली लिहिलंय. या ड्रॉप्समध्ये १ मिलीत १०० मिग्रॅ आहे, म्हणजे ५०० मिग्रॅ होतात. किलोला १५ मिग्रॅ धरले तर १२० मिग्रॅ, म्हणजे १.२ मिली. तेवढं देऊ का?" यात 'तुमची चूक झाली' असं कुठेच म्हटलेलं नाही, आकडेच बोलतात. उत्तर आलं की ते मोठ्याने परत वाचून दाखवा आणि वेळेसह लिहून ठेवा. 'एक पूर्णांक दोन' हे फोनवर 'बारा' ऐकू आलं तर दहापट चूक होते. लिहिताना दशांश चिन्हाआधी शून्य हवंच (०.५) आणि पूर्ण आकड्यापुढे शून्य नकोच (५, ५.० नव्हे).

'लिहिलंय ते द्या' असं उत्तर आलं आणि धोका खरा वाटत असेल तर? किंवा फोन लागलाच नाही तर? इथे संघटनेचं एक पानी लेखी धोरण हवं: शंका असलेलं औषध थांबवावं, चिठ्ठीतली बाकीची द्यावीत, रुग्णाला न घाबरवता कारण सांगावं, दुसरा वैद्यकीय सल्ला कुठे मिळेल ते सांगावं, नोंद ठेवावी. थांबवण्याने नुकसान होणारं औषध असेल (फिट्सचं, इन्सुलिन) तर नुसतं 'नाही' म्हणून परत पाठवता येत नाही. रुग्णाला लगेच डॉक्टरांपर्यंत पोचवणं हा त्या नकाराचाच भाग आहे. हे पान कार्यकारिणीच्या सह्यांनिशी प्रत्येक काउंटरवर लावा. पगारी फार्मासिस्टला मालकासमोर 'माझं मत' म्हणून उभं राहणं अवघड जातं, 'संघटनेचा नियम' दाखवणं सोपं जातं. मालकही सभासद असेल तर त्याची सही धोरणावर आधीच घ्या.

चूक घडून गेल्यानंतरचा आधारही याच खात्यात धरा. अशा वेळी रुग्णानंतर सर्वांत जास्त मोडतो तो चूक करणारा. वैद्यकीय लेखनात त्याला 'दुसरा बळी' म्हणतात. संघटनेने तीन-चार अनुभवी सभासद नेमावेत, ज्यांना कोणत्याही वेळी फोन करता येईल. त्यांचं काम निवाडा करण्याचं नाही. पहिल्या तासात त्यांनी एवढं सांगावं: रुग्णापर्यंत पोचलास का, डॉक्टरांना कळवलंस का, घडलेलं वेळेनुसार लिहून काढ, औषधाचं खोकं आणि चिठ्ठी जपून ठेव, आणि जुन्या नोंदीत एक अक्षरही बदलू नकोस. घाबरलेला माणूस नोंद 'सुधारायला' जातो, आणि चुकीपेक्षा तीच खाडाखोड पुढे महागात पडते. विमा आणि कायद्याचा सल्ला त्यानंतर.

---

तोलकाटा

वरच्या सगळ्यात मोजमाप राहिलं. इजा मोजून सुधारणा दिसणार नाही, कारण इजा क्वचित होते. दोनशे काउंटरांवर वर्षभरात एकही घडणार नाही किंवा दोन घडतील, त्यातून काही सिद्ध होत नाही. म्हणून पद्धत मोजा. स्टिकर वाटण्याआधी दहा काउंटरांवरची मेथोट्रेक्सेटची शेवटची पाच-पाच लेबलं किंवा बिलं पाहा: वार लिहिलाय का, गोळ्या चार आठवड्यांपुरत्याच आहेत का, रुग्णाकडून परत वदवून घेतल्याची खूण आहे का. हो किंवा नाही, बस. तीन महिन्यांनी पुन्हा तेच दहा काउंटर. आधीचं मोजमाप न करता सुरुवात केली तर नंतर दाखवायला काही उरत नाही, आणि बहुतेक समित्या इथेच चुकतात.

व्याख्यानांबद्दलही. ती बंद करू नका, त्यांचा अर्धा वेळ हातांना द्या. इनहेलरचंच घ्या. रिकामा सराव-इनहेलर प्रत्येकाच्या हाती, पाच जणांमागे एक तपासणारा, समोर पायऱ्यांची यादी. फवाऱ्याच्या इनहेलरला: झाकण काढणं, हलवणं, श्वास बाहेर सोडणं, सावकाश आत घ्यायला लागताच दाबणं, दहा सेकंद रोखणं, दुसऱ्या फवाऱ्याआधी अर्धा ते एक मिनिट थांबणं. स्टेरॉइड असेल तर शेवटी चूळ. पावडरच्या इनहेलरला श्वास नेमका उलटा, जोरात आणि खोल, आणि उपकरणात फुंकायचं नाही. एकाची रीत दुसऱ्याला लावली की औषध घशातच राहतं, आणि रुग्णाचा डोस मात्र 'गुण येत नाही' म्हणून वाढत जातो. फवारे संपल्यावरही डब्यातून वायू येत राहतो; मोजणी नसलेल्या २०० फवाऱ्यांच्या डब्यावर संपण्याची तारीख लिहून द्या. दिवसाला चार फवारे म्हणजे ५० दिवस.

सहा महिन्यांनी त्याच माणसांची तीच तपासणी पुन्हा करा. हाताचं कौशल्य विरतं, फार्मासिस्टचंही.

कंपनीने प्रशिक्षण प्रायोजित केलं तर तिथे तिचंच उपकरण दिसतं. तेव्हा पायऱ्यांची यादी आणि शिकवणारा संघटनेचा, हा नियम पहिल्या दिवसापासून.

दीर्घकाळ टिकणाऱ्या कामाचं उदाहरण म्हणून अमेरिकेतल्या ॲशव्हिल शहराचा प्रकल्प अभ्यासा. तिथे १९९६पासून शहराच्या मधुमेही कर्मचाऱ्यांना ठरावीक अंतराने फार्मासिस्टची भेट ठरवून दिली गेली, आणि त्या वेळेचा मोबदला फार्मासिस्टला मिळाला. साखरेवरचं नियंत्रण सुधारलं. मोबदल्याची बोलणी करायची तर असे मोजलेले परिणाम हातात लागतात.

---

मात्रागुण

तोलकाटा यांचं आधी मोजण्याबद्दलचं म्हणणं पटलं, माझ्या प्रतिसादात ते सुटलंच होतं. एक दुरुस्ती: पाहणी करणाऱ्याने आपल्या ओळखीचे दहा काउंटर निवडू नयेत. सभासद यादीतला दर विसावा घ्या, नाहीतर उत्साही मंडळींचीच पाहणी होते.

---

खलबत्ता

समितीपुढे असं ठेवतो: या महिन्यात दर विसाव्या काउंटरची पाहणी, पुढच्या महिन्यात स्टिकर आणि कार्ड, सोबत निनावी फॉर्म. डॉक्टरांशी बैठक त्याआधी. मेथोट्रेक्सेट मार्गी लागलं की दुसरं औषध कोणतं घ्यावं?

---

पाचमिली

इन्सुलिन, आणि त्यातही फक्त सिरिंज. जिथे १ मिलीत ४० युनिट आणि १ मिलीत १०० युनिट अशा दोन्ही कुप्या मिळतात, तिथे ही अदलाबदल होतेच. ४०च्या सिरिंजमध्ये २० युनिटच्या खुणेपर्यंत अर्धा मिली मावतो. त्यात १००ची कुपी भरली की जातात ५० युनिट, म्हणजे अडीचपट, आणि साखर धोकादायक उतरते. उलट ४०ची कुपी १००च्या सिरिंजमध्ये २०पर्यंत भरली तर जेमतेम ८ युनिट जातात, आणि डॉक्टर डोस वाढवत बसतात. कुपी आणि सिरिंज दोन्ही ट्रेमध्ये शेजारी ठेवून आकडे मोठ्याने वाचायचे, मगच हातात द्यायचे. नुसती सिरिंज मागायला आलेल्याला 'कुपी कोणती?' हे विचारल्याशिवाय ती द्यायची नाही, आणि आठवत नसेल तर कुपीचा फोटो मागवायचा. लेबलवर 'युनिट' पूर्ण लिहा. इंग्रजीतलं नुसतं 'यू' हाताने लिहिलं की ते शून्यासारखं दिसतं, आणि ४चे ४० होतात.